ओळख नाकारण्याचा अधिकार

मराठीतील 'ओळख' हा शब्द दुहेरी आहे. 'माझी ओळख' म्हणजे मी कोण आहे याचे उत्तर; आणि 'माझी त्यांच्याशी ओळख आहे' म्हणजे आमचा परस्परपरिचय. इंग्रजीला या दोन अर्थांसाठी दोन स्वतंत्र शब्द लागतात. मराठीने ते एकाच शब्दात नांदवले आहेत आणि त्याभोवती वाक्प्रचारांचा एक संसारच उभा केला आहे. आपण ओळख काढतो, ओळख करून देतो, ओळख वाढवतो, ओळख ठेवतो. आणि कधी रस्त्यात समोरासमोर आल्यावरही ओळख दाखवत नाही. या शेवटच्या क्रियेकडे आपण उद्धटपणा म्हणून पाहत आलो आहोत. ती एखाद्याची गरज, किंबहुना अधिकारही असू शकते, हा विचार आपल्या भाषेत फारसा रुजलेला नाही.

व्यावसायिक परिचयाच्या संकेतस्थळांनी 'ओळख' या शब्दाचे हे दोन्ही अर्थ एकमेकांत पूर्णपणे मिसळून टाकले. लिंक्डइनसारख्या ठिकाणी माणसाचे प्रोफाइल म्हणजे त्याची ओळख. पण तिचे वजन ठरते ते त्याच्या ओळखींवरून. तो कोणाकोणाला जोडलेला आहे, त्याच्या कामाविषयी कोणी काय लिहिले आहे, कोणी त्याच्या कौशल्यांना दुजोरा दिला आहे, यांवरून. अशा ठिकाणी एखाद्याला 'ब्लॉक' करणे, म्हणजे त्याची ओळख नाकारणे, ही वरवर दिसते तशी निव्वळ तांत्रिक बाब नाही. ही सोय कोठून आली, इतकी उशिरा का आली आणि तिने माणसाला नेमके किती खासगीपण मिळते, याचा शोध घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

साखळीची कल्पना

परिचयाच्या संकेतस्थळांचा पाया एका लेखकाने घातला असे म्हटले, तर त्यात थोडीच अतिशयोक्ती होईल. हंगेरियन लेखक फ्रिग्येश करिंथी याने १९२९ मध्ये 'साखळ्या' या अर्थाच्या शीर्षकाची एक छोटी कथा लिहिली. जगातील कोणत्याही माणसापर्यंत अवघ्या काही परिचितांच्या मध्यस्थीने पोहोचता येईल, असा एक बौद्धिक खेळ तीत आहे. पुढे १९६७ मध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रॅम याने या कल्पनेशी मिळताजुळता प्रयोग प्रत्यक्षात केला. नेब्रास्का व कॅन्सस येथील काही लोकांना मॅसॅच्युसेट्समधील एका ठरावीक व्यक्तीपर्यंत, केवळ परिचितांच्या हातून, टपाल पोहोचवण्यास सांगण्यात आले. पोहोचलेल्या टपालाच्या साखळ्या सरासरी पाच-सहा कड्यांच्या निघाल्या आणि 'जग लहान आहे' हे जणू सिद्ध झाले.

या प्रयोगाचा दुसरा भाग मात्र लोकांच्या स्मरणातून निसटला. निघालेल्या टपालापैकी बहुसंख्य मुक्कामी पोहोचलेच नाही. कोठेतरी, कोणीतरी ते पुढे दिले नाही. कंटाळा असेल, अविश्वास असेल, किंवा पुढच्या माणसाशी संबंध ठेवण्याची इच्छा नसेल. साखळीतील प्रत्येक कडी हा एक स्वेच्छेने वागणारा माणूस असतो आणि तो 'नाही' म्हणू शकतो, हे या प्रयोगाचे तेवढेच महत्त्वाचे निरीक्षण होते. पुढची चाळीस-पन्नास वर्षे जगाने साखळीची लांबी लक्षात ठेवली. तिचे तुटणे लक्षात ठेवले नाही.

१९९७ मध्ये 'सिक्स डिग्रीज' हे संकेतस्थळ निघाले, ते याच कल्पनेचे नाव घेऊन. ते बंद पडल्यावर त्याचे एकस्व लिलावात निघाले. २००३ मध्ये रीड हॉफमन आणि मार्क पिंकस यांनी ते सात लाख डॉलरला विकत घेतले. त्याच वर्षी ५ मे रोजी हॉफमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिंक्डइन लोकांसाठी खुले केले होते. तिथल्या सदस्यांची एकमेकांपासूनची अंतरे आजही पहिली, दुसरी, तिसरी पायरी अशी मोजली जातात. करिंथीची कथा अशा रीतीने व्यवसायाच्या व्याकरणात जाऊन बसली.

या व्याकरणात खासगीपणाची एक विशिष्ट कल्पना गृहीत होती. जो दूर, तो परका. आणि परका म्हणून त्याला कमी दिसावे. जो जवळ, तो विश्वासाचा. त्याला अधिक दिसावे. धोका अंतराने मोजला गेला. परंतु माणसाला होणारा त्रास बहुधा दूरच्या अनोळख्याकडून होत नाही. पूर्वीचा वरिष्ठ, शेजारच्या टेबलावरचा सहकारी, दुरावलेला जोडीदार ही सगळी पहिल्या किंवा दुसऱ्या पायरीवरची माणसे. परिचय हा नेहमी लाभच असतो, या गृहीतकावर उभ्या राहिलेल्या रचनेत, ज्याच्याशी परिचय आहे म्हणूनच ज्याच्यापासून दूर राहायचे आहे, अशा माणसासाठी जागाच ठेवलेली नव्हती.

'साहेब घरी नाहीत'

नको असलेल्या ओळखीचा प्रश्न अर्थातच जुना आहे. एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडच्या उच्चभ्रू समाजाने त्यावर दोन तोडगे काढले होते. पहिला तोडगा दारावरचा. भेटीला येणाऱ्याने आपले कार्ड नोकराच्या हाती द्यायचे आणि नोकराने आत जाऊन यायचे. मालक घरात असूनही भेटू इच्छित नसेल, तर नोकर सांगे की साहेब घरी नाहीत. हे खोटे आहे हे दोन्ही पक्षांना ठाऊक असे. पण त्या संकेतामुळे नकाराला धार राहत नसे आणि पाहुण्याचीही अप्रतिष्ठा होत नसे. दुसरा तोडगा रस्त्यावरचा. समोरून येणाऱ्या परिचिताकडे पाहूनही न पाहिल्यासारखे करणे. हा उघड अपमान होता आणि त्याचा वापर जपून केला जाई.

आजच्या ब्लॉकने या दोहोंपैकी पहिल्या तोडग्याचे शील घेतले आहे. ज्याला ब्लॉक केले त्याला तशी सूचना जात नाही. त्याने शोध घेतला तर ते पान त्याला सापडत नाही, एवढेच. संगणक येथे नोकराचे काम करतो आणि 'साहेब घरी नाहीत' असे सांगतो.

पण या जुन्या शिष्टाचारातील एक गोष्ट दुर्लक्षून चालणार नाही. ज्याच्याकडे दार आहे आणि दारावर नोकर आहे, त्यालाच घरी नसण्याची चैन परवडत होती. खासगीपणाच्या आधुनिक कायदेशीर विचाराचा उगम ज्या लेखात मानला जातो, तो सॅम्युएल वॉरन आणि लुई ब्रँडाइस यांचा लेख डिसेंबर १८९० मध्ये 'हार्वर्ड लॉ रिव्ह्यू'त प्रसिद्ध झाला. वृत्तपत्रांतील चहाटळपणा आणि झटपट छायाचित्रे घेणारे कॅमेरे ही त्यामागची तात्कालिक कारणे होती. माणसाला एकटे सोडले जाण्याचा अधिकार आहे, ही तेथे विस्ताराने मांडलेली भूमिका क्रांतिकारक होती यात शंका नाही. तरीही तिच्या मुळाशी बोस्टनमधील सुस्थित गृहस्थाचे बंद दार आहे. जगाने आपल्याकडे पाहू नये असे ज्याला वाटते, आणि जगाने पाहिले नाही तरी ज्याचे काही अडत नाही, अशा माणसाचे हे खासगीपण होते.

नोकरी शोधणाऱ्याची स्थिती नेमकी उलटी असते. त्याला जगाने पाहायला हवे असते. दार उघडे ठेवणे हीच त्याची उपजीविका. मात्र त्या उघड्या दारातून एका विशिष्ट माणसाने आत येऊ नये, एवढीच त्याची मागणी असते. 'सर्वांपासून लपणे' आणि 'एकापासून लपणे' या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि वॉरन-ब्रँडाइस यांच्या चौकटीत दुसऱ्या गोष्टीला नीटसे नाव नाही. ते नाव पुढे हेलन निसेनबॉम यांनी दिले. त्यांनी २००४ मध्ये मांडलेल्या विचारानुसार माहिती गुप्त आहे की उघड, हा खरा प्रश्नच नव्हे. ती ज्या संदर्भात दिली गेली त्या संदर्भाचे संकेत पाळून ती वाहते आहे का, हा प्रश्न आहे. भावी मालकासाठी लिहिलेला पत्ता पाठलाग करणाऱ्याच्या हाती पडला, तर माहिती तीच राहते, संदर्भ मोडतो.

दोन प्रकारचे नकार

संगणकाच्या जगात नकाराची पहिली सोय १९८० च्या दशकात यूझनेट या चर्चाव्यवस्थेत दिसते. तेथे प्रत्येक वाचकाला 'किल फाइल' नावाची एक यादी ठेवता येई. त्या यादीत ज्याचे नाव घातले त्याचे लिखाण वाचकाच्या पडद्यावर येत नसे. यात एक मर्यादा होती. यादीतला माणूस तुमचे सगळे लिखाण वाचू शकत होता, त्याला उत्तरे देऊ शकत होता, इतरांपुढे तुमची टवाळीही करू शकत होता. बदलत होती ती केवळ तुमची दृष्टी.

म्हणजे नकाराचे दोन प्रकार आहेत. 'मी तुला पाहणार नाही' हा पहिला आणि 'तू मला पाहू नयेस' हा दुसरा. पहिला नकार मनःशांतीसाठी असतो, दुसरा सुरक्षिततेसाठी. पहिला स्वतःच्या डोळ्यांवर चालतो. दुसरा दुसऱ्याच्या डोळ्यांवर मर्यादा घालू पाहतो, म्हणून तो वादग्रस्त ठरतो. समाजमाध्यमांचा त्यानंतरचा इतिहास या दोन नकारांमधील ओढाताणीचा इतिहास आहे. १२ डिसेंबर २०१३ रोजी ट्विटरने ब्लॉकचा अर्थ बदलून तो पहिल्या प्रकाराकडे नेला; ब्लॉक केलेली व्यक्ती तुमचे लिखाण पाहू शकेल, फक्त तुम्हाला ती दिसणार नाही, असे ठरले. छळाला सामोऱ्या जाणाऱ्या वापरकर्त्यांनी इतका तीव्र निषेध केला की काही तासांतच तो बदल मागे घ्यावा लागला. याच माध्यमाने, 'एक्स' हे नवे नाव धारण केल्यावर, नोव्हेंबर २०२४ मध्ये ब्लॉक केलेल्यांना सार्वजनिक लिखाण वाचण्याची मुभा दिलीच. जे सार्वजनिक आहे ते कोणीही पाहू शकतो, मग एकालाच आडकाठी कशाला, असा यामागचा युक्तिवाद. तो तर्कशुद्ध वाटतो. पण पाहणारा कोण आहे, हा प्रश्न तो सोडून देतो.

लिंक्डइनवर २००३ पासून जवळजवळ अकरा वर्षे कोणत्याही सदस्याला दुसऱ्या सदस्याला ब्लॉक करता येत नव्हते. जोडणी तोडता येत असे, प्रोफाइल सर्वांसाठीच आक्रसून घेता येत असे. एकाच माणसाला बाहेर ठेवणे मात्र शक्य नव्हते. २०१३ मध्ये अमेरिकेतील एका स्त्रीने याविरुद्ध सार्वजनिक याचिका सुरू केली. पूर्वीच्या नोकरीच्या ठिकाणी आपल्यावर लैंगिक अत्याचार करणारी व्यक्ती या संकेतस्थळावरून आपला माग काढत आहे, ही तिची तक्रार होती. 'तुमचे प्रोफाइल कोणी पाहिले' ही या संकेतस्थळाची लोकप्रिय सोय. इतरांना ज्या यादीत संधी दिसत होती, त्या यादीत तिला तोच माणूस पुनःपुन्हा दिसत होता. हजारो लोकांनी याचिकेवर सह्या केल्या आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये लिंक्डइनने ब्लॉकची सोय जाहीर केली.

व्यावसायिक जग हे सभ्य माणसांचे जग असते, तेथे मैत्रीच्या संकेतस्थळांवरील भांडणे येत नाहीत, असा समज या दिरंगाईमागे असावा असे वाटते. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या छळाविषयी जे समाज दीर्घकाळ गप्प राहिले, त्यांचाच हा समज होता. भारतात विशाखा मार्गदर्शक तत्त्वे १९९७ मध्ये आली आणि त्यांना कायद्याचे रूप मिळण्यास २०१३ उजाडले. त्याच वर्षी भारतीय दंड संहितेत पाठलागाचा गुन्हा समाविष्ट झाला (कलम ३५४ ड, आता भारतीय न्याय संहितेचे कलम ७८). स्त्रीच्या इंटरनेटवरील वावरावर पाळत ठेवणे हाही पाठलागच, हे त्यात स्पष्टपणे नोंदवलेले आहे. पाहणे हीसुद्धा कृती असते आणि ती अपराध ठरू शकते, ही जाण कायद्याला आणि तंत्रज्ञानाला जवळपास एकाच काळात आली.

दार बंद, खिडकी उघडी

लिंक्डइनवर ब्लॉक केल्यावर नेमके काय होते? संकेतस्थळावर प्रवेश केलेल्या अवस्थेत दोन्ही व्यक्तींना एकमेकींचे प्रोफाइल दिसेनासे होते. निरोप पाठवता येत नाहीत. जोडणी असेल तर ती तुटते. 'कोणी पाहिले' या यादीतून दोघेही परस्परांसाठी नाहीसे होतात. आणि त्या व्यक्तीने दिलेली कौशल्यांची पुष्टी व लिहिलेले शिफारसपर मजकूरही निघून जातात.

या शेवटच्या तरतुदीपाशी थोडे थांबायला हवे. ज्याने त्रास दिला तो जर पूर्वीचा वरिष्ठ असेल, तर बहुधा त्याची शिफारस हाच त्या नोकरीतील वर्षांचा दृश्य पुरावा असतो. त्याला बाहेर ठेवायचे तर तो पुरावाही गमवावा लागतो. ओळख नाकारली की ओळख उणावते. प्रारंभी उल्लेखिलेली मराठी शब्दाची दुहेरी घडण येथे शब्दशः खरी होते.

दुसरी मर्यादा अधिक खोल आहे. ब्लॉक हा एका खात्याचा दुसऱ्या खात्याशी असलेला संबंध आहे. एका माणसाचा दुसऱ्या माणसाशी नव्हे. शोधयंत्रांना दिसावे म्हणून प्रत्येक सदस्याच्या प्रोफाइलची एक सार्वजनिक आवृत्ती ठेवता येते. ज्याला ब्लॉक केले आहे त्याने खात्यातून बाहेर पडून ती उघडली, तर संकेतस्थळाच्या लेखी तो कोणीच नसतो, म्हणून त्याला ती दिसते. त्याने दुसरे खाते काढले तरी तेच. तसेच नाव गुप्त ठेवून प्रोफाइल पाहण्याचीही सोय तेथे आहे. जो पाहतो आहे त्याचे नावच कळले नाही, तर त्याला ब्लॉक कसे करणार? दार बंद केले तरी खिडकी उघडी राहते. ती लावून घेण्याचा, म्हणजे सार्वजनिक आवृत्ती बंद करण्याचा, पर्याय उपलब्ध आहे. पण मग नोकरी देऊ पाहणाऱ्यालाही शोधयंत्रातून तुम्ही सापडत नाही. एकाच्या दुष्ट नजरेची किंमत शेकडो हितकर नजरा गमावून चुकवावी लागते, आणि ती चुकवतो पीडितच.

या उघड्या खिडकीवर माणसांप्रमाणे कंपन्यांचीही नजर असते. 'हायक्यू लॅब्ज' ही अमेरिकन कंपनी लिंक्डइनवरील सार्वजनिक प्रोफाइले यंत्राद्वारे गोळा करत असे आणि कोणता कर्मचारी नोकरी सोडण्याच्या बेतात आहे याचा अंदाज त्याच्या मालकाला विकत असे. लिंक्डइनने २०१७ मध्ये तिला नोटीस दिली. प्रकरण न्यायालयात गेले. प्रोफाइलमधील बदलांची वर्दी परिचितांना जाऊ नये असा पर्याय पाच कोटींहून अधिक सदस्यांनी निवडलेला आहे, असे लिंक्डइनने सांगितले. तरीही ज्यांनी प्रोफाइल सार्वजनिक ठेवले त्यांची खासगीपणाची अपेक्षा फारशी उरत नाही, अशा अर्थाची भूमिका अपील न्यायालयाने २०१९ मध्ये घेतली. सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण फेरविचारार्थ परत पाठवल्यावर २०२२ मध्ये अपील न्यायालयाने आपला निष्कर्ष कायम ठेवला. त्या वर्षाअखेर लिंक्डइनच्या बाजूने, पण सेवाशर्तींच्या भंगाच्या मुद्द्यावर, हा वाद मिटला. सदस्याच्या खासगीपणाचा प्रश्न दोन कंपन्यांमधील कराराच्या प्रश्नात विरून गेला.

या खटल्यातील पहिला महत्त्वाचा आदेश, हायक्यूच्या बाजूचा, ऑगस्ट २०१७ मधला. योगायोग असा की त्याच महिन्याच्या २४ तारखेला आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपण हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला. खासगीपण हे जागेला नव्हे, व्यक्तीला चिकटलेले असते, त्यामुळे सार्वजनिक ठिकाणी आल्याने ते संपत नाही, ही त्यातील भूमिका आपल्या विषयाच्या दृष्टीने फार मोलाची आहे. दोन्ही न्यायालयांपुढील प्रश्न निराळे होते, हे मान्य. पण खासगीपण बंद दारामागे राहते की माणसाबरोबर चालते, याविषयीच्या दोन दृष्टी त्या एका महिन्यात शेजारी शेजारी उभ्या दिसतात.

वाळीत टाकणे नव्हे

ब्लॉक करणे ही असहिष्णुता आहे, हा आक्षेप शिक्षकवर्गातही ऐकू येतो. आपल्याकडे त्याला एक खोल पार्श्वभूमी आहे. वाळीत टाकण्याच्या प्रथेने महाराष्ट्रात किती घरे उद्ध्वस्त केली याचा इतिहास ताजा आहे; जातपंचायतींच्या या जुलमाविरुद्ध राज्याला २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा करावा लागला. साहजिकच संबंध तोडण्याच्या कोणत्याही कृतीकडे आपण संशयाने पाहतो.

परंतु येथे भेद करणे आवश्यक आहे. वाळीत टाकताना समूह एका व्यक्तीचे सर्व संबंध तोडतो. पाणी, अग्नी, लग्न, अंत्यविधी, काहीच उरू देत नाही. ब्लॉकमध्ये एक व्यक्ती दुसऱ्या एकाच व्यक्तीशी असलेला आपला संबंध तोडते. त्या दुसऱ्याचे बाकीचे जग अबाधित राहते. पहिल्यात सत्ता समूहाकडे असते, दुसऱ्यात बहुधा दुबळ्या बाजूकडे. मात्र एखाद्या क्षेत्रातील सर्व मालकांनी मिळून एखाद्या कर्मचाऱ्याला दूर ठेवायचे ठरवले, तर तो बहिष्कारच होईल, मग त्याचे साधन कोणतेही असो. साधनाला नव्हे, सत्तेच्या दिशेला महत्त्व आहे.

एका वाचकाला वगळणे

साहित्याच्या अभ्यासकाने या सगळ्याकडे कोठून पाहावे? प्रोफाइल ही एक संहिता आहे. आत्मचरित्राचे हे अतिसंक्षिप्त, प्रथमपुरुषी, गुणवर्णनपर रूप आज कदाचित सर्वांत जास्त लिहिले जाणारे रूप असेल. लिंक्डइननेच नोव्हेंबर २०२३ मध्ये एक अब्ज सदस्यांचा टप्पा ओलांडला. छापील आत्मचरित्राच्या लेखकाला आपला वाचक निवडता येत नाही. पुस्तक बाजारात गेले की ते मित्राच्या हाती पडते तसे शत्रूच्याही. लेखकाचे संरक्षण दुसरीकडे असते: काय सांगायचे आणि काय गाळायचे ते तो ठरवतो. मराठीतील स्त्रियांच्या आत्मकथनांचा अभ्यास करताना या गाळलेल्या जागा वाचायला आपण शिकलो आहोत.

प्रोफाइल लिहिणाऱ्याला ते स्वातंत्र्य नाही. कोठे काम केले, किती वर्षे केले, आता कोणत्या शहरात आहे, हे गाळले तर संहितेचे प्रयोजनच संपते. जे गाळता येत नाही ते सर्वांना सांगावे लागते; म्हणून निदान एखादा वाचक गाळता यावा, ही मागणी उभी राहते. ब्लॉक ही या अर्थाने वाचकाची गाळलेली जागा आहे. तिने पूर्ण संरक्षण मिळत नाही, हे आपण पाहिले. पण त्या अपुऱ्या सोयीसाठीही एका स्त्रीला याचिका करावी लागली, हे विसरून चालणार नाही.

पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या आपल्या विद्यार्थ्यांना आपण आवर्जून सांगतो: प्रोफाइल तयार करा, ओळखी वाढवा. हा सल्ला योग्यच आहे. त्याबरोबर सार्वजनिक आवृत्तीत काय ठेवायचे, कोणाची नजर कोठवर पोहोचते आणि नको असलेली ओळख दाखवण्याचे बंधन कोणावरही नाही, हेही त्यांना शिकवले पाहिजे. विशेषतः विद्यार्थिनींना, कारण ओळख न दाखवणे म्हणजे उद्धटपणा, हा संस्कार त्यांच्यावर अधिक घट्ट झालेला असतो. मिलग्रॅमच्या प्रयोगात ज्यांनी टपाल पुढे दिले नाही, त्यांना कोणी जाब विचारला नव्हता. साखळीतल्या कडीचा तो अधिकार होता.